गळ्याचं माप

"सरळ उभी राहा गं, श्वास सोड," असं म्हणत टेलरमावशींनी मागूनच वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीच्या, धाकटीच्या, कमरेला टेप घातली. पुढच्याच क्षणी टेप जमिनीवर, खडूची डबी उपडी आणि धाकटी भिंतीला पाठ लावून उभी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मावशी काही विचारणार तोवर ती दाराबाहेर निघूनही गेली.

शिवणखोलीतल्या मशीन एकेक करून थांबल्या.

"मावशी, इथे कुणी कुणाला विचारल्याशिवाय हात लावत नाही," रेडिओ म्हणाली. तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालायचा म्हणून सगळ्या तिला रेडिओ म्हणत. आत्ता मात्र तीही हळू बोलली. "पाटी नाही लावलेली, पण नियम आहे."

मावशींनी जीभ चावली. त्यांचा उभा जन्म गळ्यात टेप घालून गेला होता. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक नवरीचे कपडे त्यांच्या मशीनवरून गेलेले, आणि कुणाची कंबर लग्नाला किती होती नि नंतर कुठवर पोचली हे त्यांना तोंडपाठ. मागून टेप टाकायची आणि पोरीला गुदगुल्या व्हायच्या आत माप घेऊन मोकळं व्हायचं, ही त्यांची खासियत. "देवाला माणसाचं मन ठाऊक, हिला कंबर," असं नवरा चारचौघांत सांगायचा.

एका रविवारी उपासनेनंतर पाळकांनी सांगितलं की परदेशातल्या मिशनच्या घरी आपल्या भाषेच्या काही बायका आहेत. कामाच्या नावाखाली नेऊन विकलेल्या, आता सुटून आलेल्या. त्यांच्याशी चार शब्द बोलायला आणि त्यांना शिवण शिकवायला कुणीतरी हवंय. सगळ्यात आधी हात वर झाला तो मावशींचा. सुनेला हसू आवरेना. "आई, विमानातला पट्टा तरी बांधता येईल का तुम्हाला?"

"कमरेला काय बांधायचं ते तू मला शिकव," मावशी म्हणाल्या, आणि बॅग भरायला घेतली.

आणि आता, येऊन पुरते दोन आठवडे झाले नव्हते, तोच हे करून बसल्या होत्या.

"तिला ठेवलं होतं तिथे माणसं यायची, तेव्हा मागून धरून वळवून दाखवायचे," घर चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरनी संध्याकाळी सांगितलं. "तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी. तुमचा काय दोष?"

"माझाच आहे. पण तो कवटाळून बसले तर तिच्या ड्रेसचं काय?"

कारण पहिल्याच दिवशी मावशींनी मोठ्या तोंडानं जाहीर केलं होतं, की या घरातून जी कुणी परत जाईल ती स्वतः शिवलेल्या, स्वतःच्या मापाच्या ड्रेसमध्ये जाईल. दानात आलेली पोती घालून नाही. पोती म्हणजे खरंच पोती होती. कुठल्या धिप्पाड बायांनी दिली होती कोण जाणे, धाकटीसारख्या दोघी त्यात सहज मावल्या असत्या. धाकटीचे मायदेशी परतायचे कागद तेवढ्यात येऊन पोचले होते. पुढच्या आठवड्यात ती आईकडे जायला निघणार होती. आईनं तिला इतक्या वर्षांनी पाहायचं ते त्या पोत्यात, हे मावशींना पटेना. त्या दिवशीच्या प्रार्थनेत त्यांनी प्रभूकडे त्या ड्रेसशिवाय दुसरं काही मागितलं नाही.

धाकटी वर्गाला आली नाही. व्हरांड्यात, शिवणखोलीच्या खिडकीखाली भाजी निवडत बसायची. मावशी दिसल्या की मान खाली. तिनं निवडलेलं निळं कापड कपाटात तसंच घडीत पडून राहिलं. तिला हाक मारायला मावशींची जीभ शिवशिवायची, पण त्या आवरायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यातली टेप काढून रेडिओच्या हातात दिली.

"घे. आज माझं माप."

"तुमचं?" रेडिओचे डोळे चमकले. "हात लावू का, मावशी?"

"लाव बाई."

मावशींनी हात वर केले आणि त्यांना एकदम कानकोंडं झालं. सगळ्या जगाला मापलं, पण स्वतःच्या अंगाला दुसऱ्याच्या हातची टेप कधी लागली नव्हती. आपलं पोट कुठे लपवावं कळेना. चार बायका बघतायत, आणि आपण मुकाट उभं राहायचं. इतक्या पोरी आपल्यापुढे अशा उभ्या राहिल्या, आणि आपण एकीलाही विचारलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"अगं, टेप पुरेना," रेडिओनं बातमी दिली. "दुसरी आणा, जोड द्या."

"मेले, नीट धर."

"नीटच धरलीय. तुम्हीच संपत नाही."

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. कुणी मशीनवर डोकं टेकलं, कुणी डोळे पुसले. मावशीही पोट धरून हसल्या, त्यामुळे माप आणखी वाढलं.

"टेप तिरपी धरलीय," खिडकीतून आवाज आला. "मागून खाली गेलीय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. धाकटी भाजीची परात खाली ठेवून आत आली. तिनं रेडिओच्या हातातून टेप घेतली आणि मावशींच्या अगदी समोर उभी राहिली.

"हात लावू का?"

"लाव गं, बाळा."

तिनं टेप सरळ केली, आकडा वाचला आणि तो ऐकून स्वतःच फिस्सकन हसली. मग टेप मावशींपुढे धरली. "आता माझं घ्या."

मावशी तिच्या समोरच उभ्या राहिल्या. "खांदा. लावू?" "लावा." "कंबर. लावू?" धाकटी जरा थांबली. मावशीही थांबल्या. "लावा." असं करत दोन मिनिटांच्या मापाला अर्धी सकाळ गेली, आणि मावशींना त्याची जराही घाई वाटली नाही.

"गळा?"

"नको."

"बरं. तो अंदाजानं घेते," मावशी म्हणाल्या, आणि टेप स्वतःच्या गळ्यात अडकवली.

ड्रेस धाकटीनंच शिवला. अंगावर असा बसला की रेडिओला बोलायला काही सुचेना. फक्त अंदाजाचा गळा सैल पडला, खांद्यावरून घसरायचा. ते बघून मावशींचा जीव खालीवर होत होता, पण नको म्हणजे नको.

निघायच्या सकाळी फाटकाशी गाडी उभी होती. धाकटी बॅग घेऊन पायऱ्या उतरली, आणि मावशींची नजर सवयीनं गळ्यावर गेली. गळा बरोबर बसला होता.

"उसवून परत शिवला," धाकटी म्हणाली. "आरशात बघून माझं मीच माप घेतलं."

डाव्या बाजूला शिवण जराशी वाकडी गेली होती, आणि एक दोरा लोंबत होता. तो तोडायला मावशींचा हात आपोआप उठला. तो त्यांनी तसाच वळवला आणि गाडीचं दार उघडून धरलं.