मेंढीची मेंदी झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे आणि जळकुटी आहे, हे आधीच सांगून टाकते. स्क्रिप्ट म्हणजे वेबसाइटचं पान उघडलं की कामाला लागणारी सूचनांची फाइल. २००८ साली कळमनुरीच्या आसिफने मला लिहिलं. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेला मजकूर पानावर मराठीत दाखवायचा, हे माझं काम. जनावरांच्या दवाखान्यातल्या साधनाताई वेबसाइटवर शिबिरांच्या सूचना टाकायच्या आणि मी त्या गावोगावच्या लोकांना मराठीत वाचायला द्यायचे.

माझ्याच प्लगिनच्या, म्हणजे वेबसाइटला वरून जोडलेल्या कामांच्या, फोल्डरात दुसरी एक स्क्रिप्ट होती. ती पानावर गुलाबाची फुलं पाडायची. बस्स, एवढंच! तरी जो येईल तो म्हणे, "अरे वा, फुलं काय भारी पडून राहिली!" माझ्या ढ आणि ण कडे बघायला वेळ होता कुणाला? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात फुलवालीचं नशीबही थोर. तिला आणायचं असलं की पान आधी वेबसाइटलाच विचारायचं, "प्लगिनचं फोल्डर सध्या कुठं आहे?" मग तिथून तिला घेऊन यायचं. माझा पत्ता मात्र आसिफने घाईघाईत, चाचणीपुरत्या घेतलेल्या तात्पुरत्या जागेवरचा, अख्खाच्या अख्खा हाताने लिहून टाकला होता. पुढे वेबसाइट खऱ्या जागी हलली. आम्ही दोघीही तिथं गेलो. पान फुलवालीला बराबर हाक मारायचं आणि मला शोधायला त्या जुन्या, पुसून टाकलेल्या जागी जायचं. "सापडत नाही" एवढं उत्तर घेऊन परत यायचं. अगं बाई, मी इथंच आहे की! पण ऐकतंय कोण?

साधनाताईंच्या कॉम्प्युटरने माझी जुनी प्रत साठवून ठेवली होती, म्हणून त्यांना सगळं मराठीतच दिसे. त्यांनी सूचना टाकली, 'मेंढी शिबिर, मोफत. शनिवारी सकाळी, शाळेचं मैदान.' जवळा बाजारला जमीलभाईंच्या इंटरनेटच्या दुकानात तीच सूचना इंग्रजी अक्षरांत दिसली. एम, ई, एन, डी, एच, आय. जमीलभाईंनी ते 'मेंदी' वाचलं आणि दुकानाबाहेरच्या फळ्यावर तसंच लिहिलं.

नामाजी मेंढपाळ रोज दुकानात डोकवायचे. शेजारच्या गावात मेंढरांत रोग शिरला होता आणि त्यांच्या कळपाला लस हवी होती.

"जमीलभाई, माझ्या मेंढरायच्या सुईचं काही आलं का?"

"न्हाई मामा. बायकायच्या मेंदीचं तेवढं आलंय."

नामाजी कळप घेऊन लांबच्या रानात निघून गेले.

शनिवारी मैदानात वीस बाया-पोरी हात स्वच्छ धुऊन हजर! समोर डॉक्टर, हातात सुई. जमीलभाईंची मुन्नी ओरडली, "अब्बा, मेंदी न्हाई, मेंढी!" लगेच माणूस धाडला, पण नामाजी येईपर्यंत डॉक्टर पुढच्या गावाला गेले होते. ते परत आले आठ दिवसांनी. तोवर नामाजींच्या सात मेंढ्या मेल्या. त्या आठ दिवसांतही पानावर फुलं पडतच होती. इतका राग मला तिचा कधी आला नव्हता.

आसिफ माफी मागायला गेला. नामाजींनी जुन्या पत्त्याची सगळी गोष्ट ऐकून घेतली.

"बाबा, मी रोज रान बदलतो," ते म्हणाले. "पोरायची माय भाकर घेऊन निघती, ती दरवेळी इचारत येती, आज कळप कुठं हाय. कालच्याच रानात गेली तर मी उपाशी राहीन. तू काहून इचारलं न्हाईस?"

आसिफने त्याच दिवशी माझा लिहिलेला पत्ता खोडला आणि मलाही वेबसाइटला पत्ता विचारूनच बोलवायची सोय केली.

आता मी वेळेवर येते. लोक अजून फुलांचंच कौतुक करतात आणि मी अजून जळते. करा बापडे तिचं कौतुक! पण मित्रांनो, कुणाला कामाला बोलवायचं असेल, तर तो आज कुठं आहे ते आधी विचारा. मी सापडले नाही, तर एका पानावर एक ढ कमी पडला, एवढंच तुम्हाला वाटेल. नामाजींच्या घरी सात मेंढ्या कमी पडल्या.