वजनावरचे संत

फिएस्टाच्या, म्हणजे गावजत्रेच्या, आदल्या दिवशी सकाळी यंत्रं तपासणारी तेओदोरा सुमागायसाय आली, तेव्हा तळलेल्या कोंबडीच्या दुकानातला प्रेशर फ्रायर थंड होता आणि मालकीण तापलेली. मालकीण साल्वासियोन, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सारं गाव तिला मनांग म्हणे. नळ्यांचं काय ते फिएस्टानंतर बघावं, नळ्या काही पळून जात नाहीत, असं तिचं मत होतं. तेओदोराने पाना काढला.

फ्रायरच्या वाफेच्या तोंडावर, कुकरच्या शिट्टीसारखं, एक वजन बसतं. दाब वाढला की ते उचललं जातं. इथे त्या वजनाला संत लॉरेन्सचं भलंमोठं पितळी पदक तारेने आवळलेलं होतं. हे संत जिवंत भाजले गेले, म्हणून स्वयंपाक्यांचे पालक. दुकानाला आशीर्वाद द्यायला आलेल्या पाद्रींनी स्वहस्ते ते बांधलं, आणि तेव्हापासून मनांगची कोंबडी गावात सगळ्यांत लवकर तळून निघे. यात खोटं काही नव्हतं. संत चांगलेच जड होते.

आणखीही चमत्कार होते. दाबाचा काटा कायम शून्यावर. झाकण मात्र अधूनमधून अडे. मग जावई नोनोय त्याच्या दांडीवर लाकडी हातोडा हाणी.

तेओदोराने नळ्या सोडवल्या. काट्याकडे जाणारी नळी जळक्या चुऱ्याने बुजलेली. वाफ बाहेर नेणारी नळी डांबरासारख्या चरबीने इतकी भरलेली की करंगळी शिरेना. ती तारेचा ब्रश घालून रेटत राहिली. तुझ्या आईला सांगते, म्हणून मनांगने धमकावलं. मग जेवायला वाढलं. मग वाढलेलं ताट परत नेलं. दुपार कलल्यावर नळीतून पलीकडचा उजेड दिसला. तेओदोराने सगळं जागच्या जागी बसवलं. पदक तेवढं हातात ठेवलं.

"मनांग, यांना भिंतीवर बसवा. वजनावर नको."

"पाद्रींनी बांधलंय ते. तू काय पोपच्या वर लागून गेलीस?"

"बरं, बांधते. पण मग उद्या हातोडा नोनोयने नाही, तुम्ही मारायचा. झाकण अडतं ते आत दाब उरलेला असतो म्हणून. तसंच सुटलं, तर उकळतं तेल मारणाऱ्याच्या तोंडावर येतं."

मनांगने हातोडा उचलून हातात तोलून पाहिला. जावयाच्या बाबतीत हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता. मग तिने भिंतीत खिळा ठोकायला घेतला; हातोडा तोच.

फिएस्टाच्या दिवशी रांग पार बँडवाल्यांपर्यंत गेली. काटा पहिल्यांदाच चढला, कोंबडीने आपला पूर्ण वेळ घेतला, आणि वाफ सोडल्यावर काटा सावकाश उतरू लागला. नोनोयचा हात सवयीने झाकणाकडे गेला. मनांगने त्यावर चापट मारली.

"मनांग, कोंबडी अंड्यातून काढताय का?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"काटा खाली बसेपर्यंत कुणालाही मिळणार नाही," मनांग मागे न बघता म्हणाली. "महापौर आला तरी."

रांग कुरकुरली, पण मोडली नाही.