शंख वाजल्यावर

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला आणि सामोआतल्या त्या गावचा रस्ता ओस पडला. दुसरा शंख वाजेपर्यंत कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा पंचांचा नियम. पण लोसाच्या तान्ह्या लेकाची छाती श्वासागणिक आत ओढली जात होती. दवाखान्यातल्या नर्सने त्याचा व्हिडिओ मागितला होता, आणि इंटरनेटची रेंज यायची ती फक्त समुद्राकाठच्या बांधावर. तिने बाळाला खांद्यावर टाकलं आणि रस्ता ओलांडला.

बांधावर तुइला काका काठी घेऊन पहाऱ्याला उभे होते.

"शंख ऐकू नाही आला का गं?"

"आला की."

"मग? न्यूझीलंडातल्या नवऱ्याशी गुलुगुलु नंतर करता येत नाही? एक डुक्कर दंड पडेल, सांगून ठेवतो."

"पडू दे. आधी हे पाठवू द्या, मग ओरडा."

तिने बाळाचा सदरा वर करून व्हिडिओ काढला, पाठवला. काकांनी वाकून बाळाची छाती पाहिली. लगेच नर्सचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता घेऊन या," हे काकांनीही ऐकलं.

जवळपास गाडी होती ती काकांचीच.

"प्रार्थना संपली की निघू," ते पुटपुटले.

"नाही काका, आत्ता. डुक्कर अर्धं माझं, अर्धं तुमचं."

काकांनी काठी टाकली आणि किल्ली आणली. घराघरांतून स्तोत्रं ऐकू येत होती. त्यांनी अंधारातच हळूच गाडी काढली.

"दिवे लावा," लोसा म्हणाली. "चोरून नाही चाललो आपण."