हे आपण नसाल तर कळवा

"हे आपण नसाल तर लगेच कळवा, असं लिहिलंय यात." म्हाताऱ्याने फोन काउंटरच्या काचेला टेकवून धरला. "म्हणून कळवायला आलो. ती नाही."

काचेपलीकडे हॉस्पिटलच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेचा कम्प्युटर सांभाळणारा ऑपरेटर बसला होता. जाड भिंगांच्या चष्म्यापायी अख्खं हॉस्पिटल त्याला बॅटरी म्हणायचं. त्याने मेसेज वाचला. 'आपण प्रयोगशाळेच्या सिस्टिममध्ये लॉगिन केले आहे. हे आपण नसाल तर लगेच कळवा.' तारीख आजचीच, वेळ उजाडतानाची. मग त्याची नजर फोनच्या तडकलेल्या कोपऱ्याकडे गेली, आणि फोन त्याला ओळखू आला.

"तुम्ही ताईंचे वडील?"

"हो. ती गेल्यावरही रोज येतोय हा मेसेज. रविवारीसुद्धा. माझी पोर मेल्यावर तिच्या नावाने कामावर कोण येतंय, तेवढं सांग मला."

म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलेला माणूस. आवाज चढवून काही होत नाही हे त्याला मशीनच्या गोंगाटातच कळलं होतं. पण फोनची कड काचेवर टकटकत होती. हे वाक्य त्याने किती दिवस घोळवलं असेल कोण जाणे. मनात त्याने चोर पकडून ठेवला होता. कोणीतरी हरामखोर आपल्या मेलेल्या मुलीच्या नावाआड काळंबेरं करतोय, अशी त्याची खात्री होती, आणि आज त्याची गचांडी धरायची म्हणून तो इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला न सांगता आला होता.

बॅटरीने उठून दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

"कोणी माणूस नाही, काका. ताईंनी लिहिलेला प्रोग्राम आहे."

घरात तिला ठकी म्हणत. ठकी इथे कंत्राटी ऑपरेटर होती. कंत्राटी म्हणजे काय ते सांगायला नको. काम कायमचं, माणूस तात्पुरता. ती आली तेव्हा तपासणीचे रिपोर्ट कागदावर निघत आणि आसपासच्या दवाखान्यांतले लोक त्या एका कागदासाठी दिवस घालवून इथवर येत. तापलेलं पोर काखेत घेऊन रांगेत उभे राहत. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ठकीने एक प्रोग्राम लिहिला. तो भल्या पहाटे आपला आपण उठतो, रात्रभरात तयार झालेले रिपोर्ट गोळा करतो आणि ज्या त्या दवाखान्याला, ज्या त्या वॉर्डाला पाठवून देतो. रांग संपली. वरच्या साहेबांनी एका सभेत 'आमची नवी योजना' म्हणून त्यावर भाषण ठोकलं. ठकी तेव्हा मागे उभी राहून प्रोजेक्टरची वायर धरून होती, कारण ती हलली की चित्र जात होतं.

"पण आत जायला प्रोग्रामलाही कोणाचं तरी नाव आणि पासवर्ड लागतो," बॅटरी म्हणाला. "त्याला स्वतःचं लॉगिन द्या, असा अर्ज ताईंनी केला होता. पुन्हा पुन्हा केला. कायम कर्मचारी नसल्याने आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही, असं उत्तर आलं. मग त्यांनी स्वतःचंच घातलं."

त्याने पडद्यावर एक फाइल उघडली. ठकीच्या फोल्डरमधली सेटिंगची फाइल. पांढऱ्यावर काळ्या चारदोन ओळी, बस्स. प्रोग्राम रोज पहिल्यांदा हीच फाइल वाचायचा. एका ओळीतून नाव उचलायचा, पुढच्या ओळीतून पासवर्ड उचलायचा आणि ठकी होऊन आत जायचा. कंत्राटी माणूस मेला तर त्याचं लॉगिन बंद करायचं, हे कोणाच्या कामात बसतच नव्हतं. त्यामुळे ते चालूच राहिलं.

म्हाताऱ्याने चष्मा पुसून परत लावला. "म्हणजे तिची किल्ली घेऊन हा दार उघडतो."

"हो."

"आणि वरती काय लिहिलंय हे?"

सगळ्यात वर ठकीने स्वतःसाठी एक ओळ लिहून ठेवली होती. बॅटरीने ती वाचून दाखवली. "ही सोय तात्पुरती आहे. वेगळे लॉगिन मिळाले की माझे नाव काढून टाकणे."

म्हातारा ज्याला पकडायला आला होता तो चोर आपल्याच घरचा निघाला होता. आता त्याला घर आठवलं.

ठकी होती तेव्हाही हा मेसेज पहाटे यायचा. चहा उकळत असायचा, फोन टुणकन वाजायचा आणि ती म्हणायची, "आई, माझं काम माझ्याआधी पोचलं बघ." त्याचा अर्थ म्हाताऱ्याला आज लागला. ती गेल्यावर आईने फोन बंद करू दिला नाही. रोज रात्री चार्जिंगला लावायची. पहाटे टुण्ण वाजलं की ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, "पोचली." एवढंच. मग दिवस सुरू करायची. म्हाताऱ्याला ते सहन व्हायचं नाही. बायकोचं डोकं फिरायच्या आत हा प्रकार बंद करायचा, म्हणूनही तो आला होता.

"राहू दे मग," तो उठत म्हणाला. "माझी काही तक्रार नाही. चालू राहू दे."

पण दारात वरचे साहेब उभे होते. किती ऐकलं होतं कोणास ठाऊक, पुरेसं ऐकलं होतं. मेलेल्या बाईच्या नावाने सरळ रुग्णांच्या कागदांपर्यंत रोज वाट उघडी? पासवर्ड असा उघडा लिहिलेला? हे बाहेर गेलं तर, असं ते दोनदा म्हणाले. त्यांना हे अर्ज पूर्वी आठवत नव्हते, आज खुर्ची हलली तेव्हा सगळं आठवलं. फोन फिरले, वेगळ्या लॉगिनचा कागद आला, सही झाली. ठकीला हयातभर ज्या सहीने झुलवलं, ती सही चहाचा कप थंड व्हायच्या आत झाली. माणूस जिवंत असताना ज्यांच्या हाताला लकवा भरतो, त्यांचे हात स्वतःवर बेतलं की कसे सरसर चालतात ते बघावं.

"साहेब, मी तक्रार मागे घेतो," म्हातारा म्हणाला.

"तुमचंच बरोबर होतं, काका. आता आम्हाला कळलंय. कळल्यावर ठेवता येत नाही."

यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. बॅटरीने विचारलं, नव्या लॉगिनला ताईंचं नाव देऊ का. साहेब म्हणाले, व्यक्तीचं नाव चालणार नाही, 'रिपोर्ट-सेवा' द्या. ते गेले.

बॅटरीने फाइलमधल्या दोन ओळी पुसायला हात नेला आणि थांबला.

"तिने पासवर्ड काय ठेवला होता?" म्हाताऱ्याने विचारलं. विचारताना तो पुढे झुकला. आईचं नाव असेल, लहानपणच्या मांजरीचं असेल, काहीतरी असेल.

बॅटरीला थाप मारता आली असती. त्याने मारली नाही. "काहीच नाही, काका. नुसती अक्षरं आणि आकडे, वेडेवाकडे. अर्थ नाही त्याला."

म्हातारा पडद्याकडे बघत राहिला. मग मान हलवली.

"बरं केलं. अर्थ असता तर कोणीही ओळखला असता."

बॅटरीने ओळी पुसल्या, त्यांच्या जागी 'रिपोर्ट-सेवा' घातलं. ठकी इथल्याच वॉर्डात तापाने पडली होती, आणि तिच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट ती गेली त्या पहाटे तिच्याच नावाने आत शिरून प्रोग्रामनेच वर पाठवला होता. हे त्याला माहीत होतं. तो बोलला नाही. जिन्यापर्यंत सोडायला गेला.

घरी म्हाताऱ्याने काही सांगितलं नाही. रात्री बायकोने फोन चार्जिंगला लावला तेव्हाही नाही.

पहाटे चहा उकळला. उतू जाईल म्हणून तिने खाली उतरवला. खिडकी उजळली, समोरच्या घरातली बादली वाजली, नळ सुरू झाला. फोन गप्प. ती ओट्यापाशी हात पुसत उभीच राहिली.

"अहो, आज उशीर झाला तिला."

"मी बंद करून आलो," तो म्हणाला. आणि मग सगळं सांगितलं, चोर, किल्ली, फाइल, सही. सांगताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. ती भांडेल, रडेल, कप आपटेल, सगळ्याला तो तयार होता.

तिने हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "रिपोर्ट गेले का पण?"

"अगं, जातच असतील."

"असतील नको. विचारा."

त्याने आपल्या फोनवरून बॅटरीला फोन लावला. बॅटरी आज लवकर येऊन बसला होता. सगळे गेले, काका, एकही राहिला नाही, म्हणाला. म्हाताऱ्याने ते तसंच्या तसं तिला सांगितलं.

तिने मान हलवली. चहा गाळला. मग ठकीच्या फोनची पिन काढली, वायर गुंडाळून खणात ठेवली. फोन मात्र तिने बंद केला नाही. होता तसा चालू, ओट्याच्या कडेला ठेवला. आहे तेवढं चार्जिंग संपेपर्यंत.