लाल फुली

कामगाराने कॅमेऱ्याशेजारच्या लोखंडी दांडीवर लाल चिकटपट्टीची फुली मारली. ती जराशी वाकडी झाली म्हणून ओरबाडून काढली, पुन्हा मारली आणि मागे सरकून तिच्याकडे पाहिलं.

“हे कोण?” ऑरिन टॅकेटने विचारलं.

“हा कॉल्टन,” कामगार म्हणाला. “उंची बरोबर आहे. मोजून लावलीय.”

“आणि खरा कॉल्टन?”

कामगाराने खांदे उडवले. उत्तर दिग्दर्शकाने दिलं. तो हातातल्या छोट्या पडद्यात बघत होता, मान वर करायची तसदी त्याने घेतली नाही.

“गेला तो. त्याचे सगळे शॉट झाले ना. त्याची वाक्यं ग्लेनिस वाचेल. चालेल ना, ऑरिन?”

“न चालून सांगतो कुणाला? पट्टीशी बोलायची सवय आहे मला.”

सगळे हसले. ऑरिनही हसला. चाळीस वर्षं तो असाच वेळेवर हसत आला होता, म्हणून तर त्याला काम मिळत राहिलं होतं. टेबलाखाली मात्र त्याने कागदी रुमालाचे बारीक बारीक तुकडे केले होते.

लॉस एंजेलिसच्या या स्टुडिओत असा एकही कोपरा नव्हता जिथे ऑरिन कधी ना कधी मेला नव्हता. त्याला घोड्याने तुडवलं होतं, बायकोने विष घातलं होतं, बँकेत दरोडेखोरांनी सर्वात आधी त्यालाच गोळी घातली होती. मरायचं नसेल तेव्हा तो न्यायाधीश असे, नाहीतर खेड्यातला शेरीफ, नाहीतर ‘साहेब, तुमच्यासाठी फोन आहे’ म्हणणारा माणूस. बाजारात लोक त्याला थांबवत आणि विचारत, “तुम्ही आमच्या नळाचं काम केलं होतं ना?” चेहरा सगळ्यांना ठाऊक, नाव कुणालाच नाही. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याची तक्रार आज सकाळपासूनची होती, आणि ती साधीसुधी नव्हती.

कारण आज त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच एक भाषण आलं होतं. खेड्यातल्या खाणावळीचा सेट. खून झालेल्या मुलाचा बाप मिस्टर प्रुइट या टेबलावर, आणि समोर तपासाला आलेला अधिकारी, म्हणजे कॉल्टन रीव्ह, मालिकेचा हिरो. बाप बोलतो, अधिकारी ऐकतो. पाठ करताना ऑरिनने घरातल्या भिंतींना ते भाषण इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेजारीण विचारून गेली होती, सगळं ठीक आहे ना म्हणून.

सकाळी कॉल्टनचा क्लोजअप आधी घेतला. हिरोचा आधी, ही रीतच. ऑरिन कॅमेऱ्याच्या कडेला बसला आणि एकही कॅमेरा त्याच्याकडे तोंड करून नसताना त्याने ते सगळं भाषण दर टेकला मनापासून म्हटलं. खरंखुरं रडला. कॉल्टनच्या देखण्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते ऑरिनच्या रडण्याने उमटलं. मग कॉल्टनने उठून त्याला मिठी मारली, “बॉस, काय रडलात हो!” म्हणाला, आणि निघून गेला. त्याच्या कुत्र्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणे.

“तयार?” दिग्दर्शक म्हणाला. “चला.”

संवादांची नोंद ठेवणारी ग्लेनिस फुलीच्या मागे स्टुलावर बसली आणि चष्मा नाकावर ढकलून वाचू लागली.

“तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलंत, मिस्टर प्रुइट.”

धान्याचे भाव वाचावेत तसं तिने ते वाचलं. त्यात तिचा दोष नव्हता. ऑरिनने फुलीकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. शब्द सगळे आले, पण डोळे कोरडेच राहिले. जे होतं ते सकाळीच त्या माकडासाठी सांडून झालं होतं. दुसरा टेकही तसाच गेला. तिसऱ्याला त्याला इतका संताप आला की आवाज चिरका झाला, ओठ थरथरले आणि त्याने टेबलावर मूठ आपटली. स्क्रिप्टमध्ये मूठ नव्हती.

“झकास!” दिग्दर्शक ओरडला. “हेच हवं होतं. ऑरिन, तुमचे शॉट संपले. टाळ्या होऊ द्या, मंडळी!”

टाळ्या झाल्या. ऑरिनने टाय ओढून काढला आणि खिशात कोंबला. दाराजवळच्या खुर्चीवरून गुलाबी गणवेशातलं कुणीतरी उठून उभं राहिलं, काहीतरी म्हणालं. तो थांबला नाही.

स्टुडिओच्या फाटकाबाहेर दुसऱ्याच वळणावर आर्पीचं दुकान होतं. आर्पी आर्मेनियन, नवऱ्यामागे एकटीने दुकान चालवणारी, आणि जिभेला धार. चेहऱ्यावर मेकअप तसाच ठेवून ऑरिन आत शिरला तेव्हा तिने पेस्ट्रीचं ताट पुसता पुसता विचारलं,

“आज कशाने मेलास, शेरीफ?”

“आज मेलो नाही. आज मारायला निघालोय.”

“बस आधी. रिकाम्या पोटी खून करू नये.” तिने कॉफी ओतली, समोर चीजची गरम रोटी ठेवली. “कुणाला मारायचंय?”

“त्या कॉल्टनला! कुत्रा घेऊन गेला, आर्पी. माझा शॉट राहिला होता आणि हा उठून कुत्रा घेऊन गेला.”

“कुत्रा बरा आहे ना?”

“मरो तो कुत्रा!” शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं. ऑरिनला तिची पर्वा नव्हती. “चाळीस वर्षं, आर्पी! समोरच्याचा शॉट होईपर्यंत मी कधी जागचा हललो नाही. अंगात ताप असताना बसलो. बायको दवाखान्यात होती तेव्हा बसलो. का? कारण समोरच्याला बघायला डोळे लागतात! फुलीकडे बघून कुणी काय बोलणार? आपलं काम झालं की माणूस उठून जातोच कसा? त्याला एवढंही कळत नाही की मागे कुणीतरी बसलंय, वाट बघत, आपल्या भरवशावर...”

“ओरडू नकोस, रक्तदाब वाढेल,” आर्पी म्हणाली आणि किटली पुढे केली. “अजून कॉफी देऊ?”

“नको, पोरी. बस जरा माझ्यापाशी.”

“पोरी?” आर्पी खो खो हसली. “साठीची झाले मी. आणि बसू कशी, गिऱ्हाइकं काय तू बघणारेस?”

ऑरिन हसला नाही. त्याच्या तोंडून गेलेलं ते वाक्य त्याचं नव्हतं, मिस्टर प्रुइटचं होतं. खाणावळीतली वाढपी मुलगी विचारते, ‘अजून कॉफी देऊ, मिस्टर प्रुइट?’ आणि बाप म्हणतो, ‘नको, पोरी. बस जरा माझ्यापाशी.’ मग ती म्हणते, ‘तुमचा टॉमी शाळेत माझ्या मागे बसायचा.’ तिची भूमिका तेवढीच.

नोएमी अरियागा. बेकर्सफील्डहून आलेली, पहिलंच काम. सकाळी तालमीत तिच्या हातातली किटली कपाला लागून किणकिणत होती, तेव्हा त्यानेच तिला बाजूला घेतलं होतं.

“माझ्या दोन्ही डोळ्यांत बघतेयस तू,” तो म्हणाला होता. “पडद्यावर बुबुळं भिरभिरताना दिसतील. एकच डोळा धर, कॅमेऱ्याच्या बाजूचा. तुझा शॉट असेल तेव्हा माझा डावा.”

“तुम्ही असाल, सर? तुमचं काम तर आधी संपणार, असं म्हणाले.”

“असेन म्हणजे? तू माझ्याशी बोलतेयस ना? मग मी नाही तर कोण असणार?”

“माझी सगळी माणसं बघणारेत हो हे. आजीसुद्धा.”

“मग आजीसाठी डावा डोळा नीट धर.”

आर्पीने त्याचा चेहरा पाहिला आणि किटली खाली ठेवली.

“काय झालं रे?”

रोटी तशीच टाकून तो गाडीत बसला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने “काय विसरलात, शेरीफ?” म्हणून विचारलं, तोवर तो आत शिरला होता. गाडी वेडीवाकडी लावून, या वयात शोभणार नाही असा, तो सेटच्या इमारतीपर्यंत पळत गेला.

दारावरचा लाल दिवा गरगर फिरत होता.

लाल दिवा फिरत असताना दार उघडत नाही. स्टुडिओचा मालक आला तरी बाहेर उभा राहतो. दाराशी बसलेल्या बाईने बोट ओठावर ठेवलं.

“मला आत जायचंय,” ऑरिन धापा टाकत कुजबुजला.

“लाल आहे.”

“कुणाचा शॉट?”

“त्या वाढपी मुलीचा.”

“तो माझा... अहो, मी असायला हवा तिथे. मी तिला...”

“लाल आहे, साहेब.”

तो दाराच्या कडीवर हात ठेवून उभा राहिला. दार चांगलं जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. त्याला स्वतःची इतकी चीड आली की कडी उपटून काढावी असं वाटलं. पण त्याने ती ओढली नाही. शॉट बिघडला असता, आणि शॉट तिचा होता.

दिवा थांबला. दार उघडलं आणि आधी तो कामगार बाहेर आला, खांद्यावर लोखंडी दांडी घेऊन. फुली तशीच होती.

“कॉल्टनची फुली वापरली?” ऑरिनने विचारलं.

“छे! ही तुमची.” कामगाराने दांडी टेकवून दाखवली. “चार बोटं खाली घेतली. उंची बरोबर आहे, मोजून लावलीय.”

मागून नोएमी आली. गुलाबी गणवेश अजून अंगावरच, गाल तापलेले. त्याला पाहून ती थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“सर! गेला नाहीत अजून? चांगलं झालं म्हणाले!”

“पोरी, ऐक, माझं चुकलं. मी...”

“अहो, असू दे. ग्लेनिसबाईंनी वाचलं ना.” ती त्याच्या जवळ आली आणि गुपित सांगावं तसा आवाज खाली आणून म्हणाली, “तुम्ही सांगितलंत तस्संच केलं मी. फुलीचा डावा डोळा धरला. शेवटपर्यंत नजर नाही हलवली.”