बारोरेनं टोमणा मारला नाही

कान्नोनाऊ जातीची द्राक्षं आमच्या मामोयादा गावात प्रत्येक घराच्या वाट्याला थोडीतरी आहेतच. ग्रॅनाइटच्या भुरभुरीत मातीत, गुडघाभर उंचीच्या जुन्या वेली. त्यांची वाइन गडद नसते, पण अंगात मुरते. दुपारी कुणाच्या तळघरात डोकावलं की पेला हातात येतोच, आणि पिणाऱ्यानं काहीतरी बोलायचं असतं.

माझ्या बाबांच्या, म्हणजे गोनारिओंच्या वाइनवर शेजारचा बारोरे जे बोलायचा ते ऐकायला माणसं मुद्दाम थांबायची. दोघांचे मळे बांधाला बांध. "गोनारिओ, ही वाइन आहे की पिंपं धुतलेलं पाणी?" असं म्हणत तो तीन पेले रिचवायचा.

त्या हिवाळ्यात बाबांना मोठा ताप आला. तापातून उठले ते मुकाट झाले. जेवताना मीठ मागेनात, की आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवेनात. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल.

ईस्टरच्या आधी त्यांनी चेस्टनटच्या लाकडाचं पिंप उघडलं. बारोरे आणि आणखी दोघं आले. मी चीज कापत होते. बाबांनी पेला उजेडात धरला, घोट घेतला आणि म्हणाले, "यंदाची झकास उतरलीय बरं का!"

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बारोरेनं पेला नाकाशी नेला आणि तिथंच थबकला. मग एका दमात संपवून म्हणाला, "छान आहे." मेंढ्यांचं निमित्त काढून निघूनही गेला.

बाबांनी हातातला पेला पिंपावर ठेवला. नंतर सरळ बारोरेच्या अंगणात गेले. मी मागोमाग.

"खरं सांग."

"छान आहे म्हटलं ना."

"चाळीस वर्षांत तू माझ्या वाइनला छान म्हटलेलं नाहीस. काय झालंय तिला?"

बारोरेनं मान खाली घातली. "ओल्या गोणपाटासारखा वास मारतेय. पिंपाला आतून बुरशी धरलीय, गोनारिओ. तुला कळलं कसं नाही?"

"मला वास येत नाही. ताप उतरल्यापासून कशाचाच नाही. जिभेला आंबट-तुरट लागतं, तेवढंच."

बारोरे बाकावर बसला. मग म्हणाला, "म्हणजे गेल्या महिन्यात माझ्या वाइनला बरी म्हणालास, ते खोटं?"

"नाक शाबूत असतं तर म्हणालो असतो का?"

दोघं हसले. बाबांचं हसू मधेच तुटलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. बारोरे त्यांच्याकडे न बघता काठीनं माती उकरत राहिला.

घरी आई संतापली. "बारोरेला आधी सांगितलंस! मी चुलीपाशी उभी असते, मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर ते खरंच झालं असतं," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून आई ताट वाढताना आज कशात काय घातलंय ते सांगू लागली.

ती वाइन ओतून टाकली. पिंपही मोडलं.

सप्टेंबरात बाबा वेलींमधून फिरले. द्राक्षाचा मणी चोळून साल बघायची, बी दाताखाली फोडायची, एवढं त्यांना पुरत होतं. हौदातला रस आंबून उकळ्या मारू लागल्यावर मात्र बारोरे रोज यायचा, हौदावर वाकायचा.

"कसला वास येतोय?" बाबा विचारायचे.

"द्राक्षाचा."

"अरे गाढवा, ते मलाही माहीत आहे! नीट सांग."

बारोरेला शब्द सापडत नसत. एकदा बराच विचार करून म्हणाला, "पावसाआधी मेंढ्या गोठ्यात घेतो ना आपण, तेव्हा वाटेवरच्या झुडपांचा येतो, तसा. आणि थोडा चेरीचा."

बाबांनी डोळे मिटले. "हं. मग बरोबर चाललंय."

वास परत आला नाही. पुढच्या वर्षी बारोरेचे गुडघे गेले, तसा त्याच्या वेलींची छाटणीही बाबाच करू लागले. मग दोन हौद कशाला म्हणून दोघांची द्राक्षं एकाच हौदात पडू लागली. वाइन गोनारिओची म्हणायची की बारोरेची, यावर ते अजून भांडतात.