ओर्लाबाईंचा भोंगा

मित्रांनो, हातात धरून बोलायचा एक जुना भोंगा आज तुमच्याशी बोलतो आहे. माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला, पण उमेदीची वर्षे मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात काढली. आता मी टोकियोच्या निशी-कसाई भागात तेजश्रीताईंच्या घरी असतो.

कॉर्कमध्ये माझ्या मालकीण होत्या ओर्ला केरिगन. त्या बस चालवत. चालकांच्या संपात त्यांनी मला प्रथम हातात घेतले. एवढ्याशा बाईच्या आवाजाने चौक कसा थांबतो, याचे मला फार नवल वाटे.

पुढे शहरात भाडेकरूंना घराबाहेर काढू लागले. ओर्लाबाईंनी एका रिकाम्या इमारतीचे कुलूप तोडले आणि बेघर कुटुंबांना आत नेले. पोलिसांनी त्यांना पकडले आणि मला जप्त केले. अर्धे शहर त्यांना गरिबांची वाली म्हणे, तर अर्धे कायदा मोडणारी बाई. बाई तीच, शब्दही तेच, मग खरे कोण? मला काही कळेना.

सुटल्यावर त्यांनी मला सोडवून आणले. पुढे त्या निवडून संसदेत गेल्या. त्यांच्या डाव्या पक्षाने सत्तेसाठी घरबांधणीची योजना सोडली, तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. पक्षाने त्यांना काढून टाकले.

मग त्यांच्याच वस्तीत, बंद पडलेल्या शाळेत, निर्वासितांना ठेवायचे ठरले. विरोध करायला शाळेसमोर गर्दी जमली. ओर्लाबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी मी कुलूप तोडलं. ही माणसंही बेघरच आहेत."

लोक चिडले. त्यांचा जुना सोबती शेमस, तोही बसचालक, पुढे येऊन ओरडू लागला. ओर्लाबाईंनी मला त्याच्या हातात दिले.

"ओर्ला, तू आम्हाला विकलंस," तो माझ्यातून म्हणाला.

ते शब्द मलाच मोठे करावे लागले. पुढची निवडणूक त्या हरल्या.

तेजश्रीताई तेव्हा शेजारीच राहत. त्यांचे यजमान केदार यांची टोकियोला बदली झाली, तेव्हा ओर्लाबाईंनी मला त्यांच्या सामानात ठेवले. "माझ्यापेक्षा तुमच्याकडे नीट राहील," त्या म्हणाल्या. पण इथे मी माळ्यावर पडून राहिलो. आतले सेल पाझरले, त्यांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या गंजल्या.

गेल्या वसंतात ताईंची दहा वर्षांची ज्ञानदा मला खाली घेऊन आली. ताईंनी व्हिनेगरने पट्ट्या पुसल्या आणि पुसता पुसता सारी हकीकत सांगितली.

"मग ओर्ला-सान चांगली की वाईट?" ज्ञानदाने जपानी रीतीने मानाचे 'सान' लावून विचारले.

"मलाही नीट सांगता येत नाही. तूच विचार त्यांना."

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. ज्ञानदाने इंग्रजीत विचारले, "तुमच्यावर ओरडणाऱ्याच्याच हातात भोंगा का दिलात?"

ओर्लाबाई म्हणाल्या, "त्याचा घसा बसला होता. मागच्यांना ऐकू जात नव्हतं."

"आता तो तुमच्याशी बोलतो?"

"अजून नाही."

ज्ञानदाचे अजून काही ठरलेले नाही. दर रविवारी ती नवा प्रश्न काढते आणि मी कान देऊन ऐकतो.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल, तर काम झाल्यावर सेल काढून ठेवा. आणि कधी चारचौघांत बोलायची वेळ आली, तर कोणाचा आवाज मागे पोहोचत नाही, तेही बघा. तो तुमच्या विरोधात बोलत असला, तरीही.